मालाने भरलेली पिकअप आणि गिअर बदलण्याचे तंत्र

टोमॅटो, द्राक्षे, डाळिंब, फुले, पालेभाज्या यांसारखा नाशवंत माल पिकविणारे अनेक शेतकरी आता स्वतःच्या पिकअप गाडीतून माल बाजारात नेतात. जुन्नर भागातील माल माळशेज घाटाने कल्याणकडे उतरतो, नाशिककडील भाजीपाला कसारा घाटाने मुंबईला जातो, तर कोकणातील आंबा कुंभार्ली आणि आंबा घाट चढून वर येतो. माल चांगला यावा म्हणून लागवडीपासून काढणीपर्यंत शेतकरी तीन-चार महिने राबतो. जातिवंत रोपे, ठिबक, फवारणी, वेळेवर तोडणी, प्रतवारी या सर्वांवर खर्च करतो. मात्र शेतातून बाजारापर्यंतच्या शेवटच्या चार-पाच तासांत गाडी कशी चालविली जाते, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

गाडीला बसणारा प्रत्येक गचका हा मालाला बसणारा मार असतो. क्रेटमधील फळे एकमेकांवर आदळतात, खालच्या थरावर दाब येतो, द्राक्षाचे मणी देठापासून सुटतात आणि त्यांच्यावरील लव पुसली जाते. टोमॅटोला बसलेला मार लगेच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी त्या जागी फळ मऊ पडते व पाणी सुटते. रस्त्यावरील खड्डे आपल्या हातात नाहीत, परंतु गिअर बदलताना बसणारे गचके पूर्णपणे आपल्या हातात आहेत. हे गचके टाळण्याचे तंत्र अवघड नाही. त्यामागील कारण एकदा नीट समजून घेतले आणि आठ-दहा दिवस सराव केला, तर कोणालाही ते साधते.

ट्रॅक्टरची सवय पिकअपला चालत नाही

आपल्याकडील बरेच शेतकरी आधी ट्रॅक्टर शिकतात आणि नंतर पिकअपवर बसतात. ट्रॅक्टरवर काम करताना, विशेषतः जुन्या ट्रॅक्टरवर, गाडी उभी असतानाच कामाला योग्य असा गिअर टाकला जातो. मग हाताने रेस लावून संपूर्ण तास त्याच गिअरमध्ये काढला जातो. नांगरणी करताना चालत्या ट्रॅक्टरचा गिअर वारंवार बदलण्याचा प्रश्नच येत नाही.

पिकअपचे काम याच्या उलट असते. शेतातून डांबरी रस्त्यावर येईपर्यंतच चार-पाच वेळा गिअर बदलावा लागतो, आणि तोही गाडी चालू असताना. बाजारापर्यंत जाताना शेकडो वेळा क्लच दाबला जातो. ट्रॅक्टरच्या सवयीप्रमाणे क्लच दाबला, दांडा ओढला आणि पाय एकदम सोडला, तर प्रत्येक वेळी मालाला गचका बसतो. म्हणून चांगला ट्रॅक्टर चालविणाऱ्यानेही पिकअपचे तंत्र वेगळे शिकावे.

क्लच आणि गिअरचे काम

इंजिनच्या मागे फ्लायव्हील नावाचे जड चाक असते व ते इंजिनबरोबर फिरते. त्याला लागून क्लच प्लेट असते. क्लच प्लेटमधून शक्ती गिअरबॉक्समध्ये, तेथून लांब शाफ्टने मागच्या डिफरन्शियलमध्ये आणि शेवटी मागच्या चाकांना मिळते. पायाने क्लच दाबला की क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून सुटी होते आणि इंजिन व चाके यांचा संबंध तुटतो. पाय उचलला की प्लेट पुन्हा फ्लायव्हीलवर दाबली जाते व दोन्ही एकत्र फिरू लागतात.

गिअरचे काम म्हणजे इंजिनचे फेरे आणि चाकांचे फेरे यांचे प्रमाण बदलणे. पहिल्या गिअरमध्ये इंजिनचे पुष्कळ फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा होतो. त्यामुळे ओढ जास्त पण वेग कमी मिळतो. वरच्या गिअरमध्ये इंजिनच्या थोड्या फेऱ्यांत चाकाचा एक फेरा होतो. तेथे वेग जास्त, पण ओढ कमी असते. भरलेली गाडी जागेवरून उचलायला किंवा चढ चढायला खालचा गिअर का लागतो, हे यावरून लक्षात येईल.

गचका का बसतो?

गाडी एका ठरावीक वेगाने चालली असताना प्रत्येक गिअरसाठी इंजिनचे फेरे ठरलेले असतात. हे समजण्यासाठी एक हिशेब पाहू. समजा पिकअपच्या चाकाचा घेर २.१ मीटर आहे, डिफरन्शियलचे प्रमाण ४ आहे आणि पाच गिअरची प्रमाणे अनुक्रमे ४, २.३, १.४, १ आणि ०.८ आहेत. प्रत्यक्षात प्रत्येक गाडीचे आकडे थोडेफार निराळे असतात. या गाडीचा वेग ताशी ३० कि.मी. असेल, तर इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे पुढीलप्रमाणे येतात.

पहिला गिअर : सुमारे ३,८००
दुसरा गिअर : सुमारे २,१९०
तिसरा गिअर : सुमारे १,३३०
चौथा गिअर : सुमारे ९५०
पाचवा गिअर : सुमारे ७६०

म्हणजे ताशी ३० कि.मी. वेगाने दुसऱ्यातून तिसरा गिअर टाकताना इंजिनचे फेरे २,१९० वरून १,३३० वर यावे लागतात. ते खाली येण्यापूर्वीच क्लच सोडला, तर वेगाने फिरणारे जड फ्लायव्हील गाडीला पुढे ढकलते व गाडी झेप घेते. उलट तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकताना फेरे १,३३० वरून २,१९० वर चढावे लागतात. ते चढविले नाहीत आणि क्लच सोडला, तर चाकांना ओढून इंजिनचे फेरे वाढवावे लागतात. त्यामुळे गाडी मागे खेचल्यासारखी होते आणि सगळा माल केबिनकडे सरकतो.

थोडक्यात, इंजिनचे फेरे आणि चाकांचे फेरे यांचा मेळ बसण्याआधी क्लच सोडला, की गचका बसतो. मेळ बसवून क्लच सोडला, तर गिअर बदलल्याचे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. आजच्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझर असतो. तो गिअरबॉक्समधील भागांचे फेरे जुळवून देतो. त्यामुळे दात न खडखडता दांडा आत जातो. परंतु इंजिनचे फेरे तो जुळवीत नाही. ते काम चालकाच्या दोन पायांचे आहे. म्हणून दांडा आवाज न करता आत गेला, एवढ्यावर समाधान मानू नये.

गाडी जागेवरून उचलणे

गाडी उभी असते तेव्हा चाके स्थिर असतात आणि इंजिन मात्र मिनिटाला सुमारे ८०० फेरे फिरत असते. हा फरक क्लच प्लेटला थोडे घासत भरून काढावा लागतो. क्लचवरील पाय हळूहळू उचलताना एका ठिकाणी इंजिनचा आवाज किंचित दबतो व गाडीचे नाक थोडे उचलल्यासारखे वाटते. तेथे क्लच पकडू लागतो. ही जागा पायाला पक्की ओळखू आली पाहिजे. गाडी उचलताना पुढील क्रम पाळावा.

१) क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकावा.
२) क्लच पकडतो त्या जागेपर्यंत पाय उचलावा व तेथे क्षणभर स्थिर ठेवावा.
३) गाडी हलू लागली की थोडी रेस द्यावी. मोठी रेस देऊ नये.
४) गाडी माणसाच्या चालण्याइतक्या वेगाने चालू लागल्यावर क्लचवरील उरलेला पाय सावकाश उचलावा.
५) पाय क्लचवरून पूर्ण काढून बाजूला ठेवावा.

बैलगाडी भरलेली असताना बैल एकदम झेप घेत नाहीत. आधी जू मानेवर घेतात, दोर ताणतात आणि मग पाऊल टाकतात. क्लच पकडण्याच्या जागी पाय क्षणभर थांबविणे म्हणजे हेच. शाफ्ट, डिफरन्शियल व चाके यांच्यातील सगळी ढिलाई आधी निघून जाते आणि मग ओझे उचलले जाते.

भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उचलण्याची सवय काहींना असते. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच प्लेटला बराच जास्त वेळ घासावे लागते. त्यात प्लेट तापते व लवकर झिजते. माल भरलेला असताना नेहमी पहिल्या गिअरमध्येच गाडी उचलावी.

वरचा गिअर टाकताना

वरचा गिअर टाकताना इंजिनचे फेरे कमी व्हायला हवे असतात. रेसवरील पाय उचलला की ते आपोआप कमी होतात, फक्त त्यासाठी थोडा वेळ द्यावा लागतो. डिझेल इंजिनचे फ्लायव्हील जड असल्याने फेरे उतरायला क्षणभर जास्त लागतो. म्हणून घाई करू नये. रेस सोडणे व क्लच दाबणे एकाच वेळी करावे. क्लच आधी दाबला आणि रेस नंतर सोडली, तर इंजिन मोकळे ओरडते व फेरे आणखी वाढतात.

दांडा न्यूट्रलमध्ये आणून, किंचित थांबून, बोटांच्या हलक्या दाबाने पुढच्या गिअरमध्ये न्यावा. मुठीत आवळून ढकलू नये. क्लच पकडण्याच्या जागेपर्यंत पाय पटकन उचलावा, तेथे क्षणभर सावकाश व्हावे आणि मग पूर्ण सोडून पुन्हा रेस द्यावी.

वर दिलेल्या उदाहरणातील गाडी भरलेली असेल, तर सपाट रस्त्यावर ताशी १८ कि.मी.च्या सुमारास दुसरा, ३२ च्या सुमारास तिसरा, ४८ च्या सुमारास चौथा आणि ६५ च्या सुमारास पाचवा गिअर टाकणे सोयीचे पडते. या वेगांना वरचा गिअर टाकल्यावरही इंजिनचे फेरे सुमारे १,३०० ते १,६५० राहतात आणि इंजिन ओझे ओढू शकते. आपल्या गाडीचे आकडे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पाहावेत. सराव झाल्यावर काट्याकडे न पाहता इंजिनच्या आवाजावरून वेळ कळते.

डिझेल वाचेल या समजुतीने काही चालक फार लवकर वरचा गिअर टाकतात. मग इंजिन दबते, धडधडते आणि रेस दाबूनही गाडी उचल घेत नाही. अशा वेळी डिझेल वाचत नाही, इंजिनवर ताण मात्र येतो. ही धडधड हौद्यातील मालालाही पोहोचते. इंजिन दबू लागले की विनासंकोच खालचा गिअर टाकावा.

खालचा गिअर टाकताना

बहुतेक गचके खालचा गिअर टाकताना बसतात. त्याचे कारण असे की वर जाताना इंजिनचे फेरे आपोआप उतरतात, परंतु खाली येताना ते आपोआप चढत नाहीत. ते चालकाला चढवावे लागतात. त्यासाठी पुढील पद्धत वापरावी.

१) आधी ब्रेकने गाडीचा वेग खालच्या गिअरला योग्य इतका कमी करावा. गिअरने गाडी थांबवायला जाऊ नये.
२) क्लच दाबून दांडा खालच्या गिअरमध्ये न्यावा.
३) क्लच दाबलेला असतानाच रेसला हलका पाय लावून इंजिनचा आवाज थोडा चढवावा.
४) आवाज चढलेला असतानाच क्लच सावकाश सोडावा.

किती रेस द्यावी, हे सांगून येत नाही, कान तयार करावा लागतो. रेस कमी पडली तर गाडी मागे खेचते आणि जास्त झाली तर पुढे ढकलते. आठ-दहा दिवसांत पायाला अंदाज येतो. तोपर्यंत क्लच सोडताना पकडण्याच्या जागी थोडा जास्त वेळ थांबावे, म्हणजे राहिलेला फरक क्लच प्लेट सांभाळून घेते.

जुने ट्रकचालक डबल क्लच मारीत असत. म्हणजे क्लच दाबून न्यूट्रल करायचे, क्लच सोडून रेस द्यायची आणि पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. त्या काळच्या ट्रकमध्ये सिंक्रोनायझर नसल्याने ते आवश्यक होते. आजच्या पिकअपला त्याची गरज नाही. मात्र गाडी जुनी असून एखादा गिअर टाकताना खडखडत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत या पद्धतीने काम निभावता येते.

एकाच वाक्यात लक्षात ठेवायचे झाल्यास, वर जाताना थांबा आणि खाली येताना रेस द्या.

चढावर गाडी उचलणे

शेतातून बांध ओलांडून रस्त्यावर चढताना किंवा घाटात वाहतूक थांबल्यावर चढावर गाडी उचलावी लागते. अशा वेळी गाडी मागे घसरेल या भीतीने चालक मोठी रेस देतो आणि क्लच एकदम सोडतो. त्यामुळे सर्वांत मोठा गचका बसतो व मागच्या फळीकडील क्रेटवर सर्व भार येतो.

यासाठी हँडब्रेकचा उपयोग करावा. हँडब्रेक ओढून ठेवावा, पहिला गिअर टाकावा, थोडी रेस देऊन क्लच पकडण्याच्या जागेपर्यंत आणावा. इंजिनचा आवाज दबला आणि गाडी पुढे जायला ताणू लागली, की हँडब्रेक हळू सोडावा. गाडी मागे न जाता पुढे निघते. घाटातील रांगेत उभे असताना हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नये. तेवढ्या वेळात क्लच प्लेट जळू शकते. ब्रेक लावून न्यूट्रल करावे आणि पुढची गाडी पुरेशी पुढे गेल्यावरच निघावे.

चढ समोर दिसत असताना, गाडीचा जोर संपण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. चढाच्या मध्यावर गाडी अडखळू लागल्यावर गिअर बदलायला गेल्यास तेवढ्या क्षणात वेग आणखी पडतो आणि गाडी थांबते.

घाट उतरताना

आतापर्यंत सांगितलेले तंत्र मालासाठी व गाडीसाठी होते. घाट उतरताना प्रश्न जिवाचा असतो, म्हणून हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा.

समजा मालासह पिकअपचे वजन २,८०० किलो आहे आणि ती ३०० मीटर उंचीचा घाट उतरते आहे. संपूर्ण उतार केवळ ब्रेकवर उतरला, तर ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते ती सुमारे २५ लिटर थंड पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. एवढी उष्णता चार चाकांच्या छोट्या ब्रेकमध्ये साठली की लायनर तापतात, त्यांची पकड कमी होते आणि पाय कितीही दाबला तरी गाडी थांबत नाही.

गाडी खालच्या गिअरमध्ये असेल, तर हे काम बऱ्याच प्रमाणात इंजिन करते. रेसवरून पाय काढल्यावर चाके इंजिनला फिरवितात आणि इंजिन चाकांना रोखून धरते. ब्रेक थंड राहतात व गरजेच्या वेळी उपयोगी पडतात. त्यासाठी पुढील नियम पाळावेत.

१) ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी तो घाट चढेल, त्याच गिअरमध्ये उतरावी.
२) हा गिअर घाटाच्या तोंडाशी, उतार सुरू होण्यापूर्वीच टाकावा. उतारावर वेग वाढल्यानंतर गिअर बदलायला गेल्यास खालचा गिअर पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये अडकते. ही स्थिती फार धोक्याची आहे.
३) ब्रेकवर सतत पाय टेकवून ठेवू नये. वेग वाढला की ब्रेक ठामपणे दाबून वेग कमी करावा आणि पाय पूर्ण उचलावा.
४) उतारावर न्यूट्रल करू नये आणि इंजिन तर कधीही बंद करू नये. इंजिन बंद झाल्यावर ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत एक-दोन वेळा दाबताच संपते. पॉवर स्टिअरिंग जड होते आणि चावी फिरल्यास स्टिअरिंग अडकण्याचीही भीती असते.
५) अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. तसा नियमच आहे. चढणाऱ्या भरलेल्या गाडीला थांबून पुन्हा निघणे कठीण असते.

न्यूट्रलमध्ये उतरल्यास डिझेल वाचते असा समज सर्वत्र आहे. तो बरोबर नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून रेस सोडली, तर चाकेच इंजिन फिरवीत असल्याने इंजिनला डिझेलचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी डिझेल लागतच राहते. म्हणजे न्यूट्रल करून जीव धोक्यात घालायचा आणि डिझेलही जास्त जाळायचे, असा दुहेरी तोटा होतो.

उतरताना लायनर जळाल्याचा वास आला किंवा ब्रेकचा जोर कमी वाटू लागला, तर गाडी एकेक गिअर खाली आणून, हँडब्रेक बेताने ओढत, दरीच्या नव्हे तर डोंगराच्या बाजूला सुरक्षित जागी थांबवावी. चाकांना दगड लावावेत व ब्रेक आपोआप थंड होऊ द्यावेत. तापलेल्या ड्रमवर किंवा डिस्कवर पाणी ओतू नये, त्यांना तडा जाऊ शकतो.

रिकाम्या गाडीची वेगळी काळजी

बाजारातून परतताना हौदा रिकामा असतो. पिकअपची ओढ मागच्या चाकांवर असते आणि माल उतरल्यावर त्याच चाकांवरील वजन कमी होते. पावसाळ्यात ओल्या किंवा चिखलाच्या रस्त्यावर रेस न देता खालचा गिअर टाकून क्लच एकदम सोडला, तर मागची चाके क्षणभर घसरतात व गाडी आडवी होऊ शकते. सकाळी भरलेल्या गाडीला चाललेली घाई रात्री रिकाम्या गाडीला चालत नाही. रिकामी गाडी लवकर वेग घेते, म्हणून वळणापूर्वीच वेग कमी करून, रेस जुळवून गिअर बदलावा.

चिखलातून जाताना पहिल्या गिअरची जोरदार ओढ चाके जागीच फिरवते आणि गाडी आणखी रुतते. चिखलापूर्वीच दुसरा गिअर टाकून, एकसारखी हलकी रेस ठेवून, मध्ये गिअर न बदलता पार व्हावे.

क्लच प्लेटचे आयुष्य वाढविण्यासाठी

क्लच प्लेट बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ऐन हंगामात गाडी गॅरेजमध्ये अडकली, तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा तोडलेल्या मालाचे नुकसान जास्त होते. पुढील गोष्टी टाळाव्यात.

१) चालत्या गाडीत क्लचवर पाय टेकवून ठेवणे. हलक्या दाबानेही प्लेटची पकड सैल होते व बेअरिंग झिजते.
२) एका हाताने सतत गिअरचा दांडा धरून ठेवणे. हाताच्या वजनाने आतील फोर्क झिजतात.
३) गाडी पूर्ण थांबण्यापूर्वी रिव्हर्स टाकणे.
४) चौथ्यातून एकदम पहिल्यात येणे.
५) क्षमतेपेक्षा जास्त माल भरणे. त्याने क्लच, ब्रेक, टायर आणि खालच्या थरातील माल असे सर्वांचेच नुकसान होते.

रेस दिल्यावर इंजिनचा आवाज वाढतो, पण त्या प्रमाणात गाडीचा वेग वाढत नाही, असे चढावर जाणवले तर क्लच घसरतो आहे असे समजावे. क्लच पूर्ण दाबूनही गिअर खडखडत पडत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही. दोन्ही वेळी मेकॅनिककडून क्लचची केबल किंवा तेल तपासून घ्यावे. गिअरबॉक्स व डिफरन्शियलचे तेल पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत बदलावे.

माल भरताना क्रेट काठाच्या किंचित खाली भरावेत, म्हणजे वरच्या क्रेटचा भार फळांवर येत नाही. थर केबिनच्या भिंतीला टेकवून, मध्ये पोकळी न ठेवता लावावेत व दोराने आवळावेत. सैल थराला छोटा गचकाही मोठा मार ठरतो.

सरावाचा कार्यक्रम

नवशिक्याने पड रानात किंवा मोकळ्या सपाट जागेत जाणकार माणूस शेजारी बसवून पुढीलप्रमाणे सराव करावा.

पहिले दोन दिवस : रेसला पाय न लावता, केवळ क्लच सावकाश सोडून गाडी पहिल्या गिअरमध्ये चालती करावी व थांबवावी. सपाट जागेवर डिझेल इंजिन एवढे ओझे सहज उचलते. दररोज ४० ते ५० वेळा हे केल्यास क्लच पकडण्याची जागा पायाला पाठ होते.

तिसरा व चौथा दिवस : पहिला, दुसरा, तिसरा असे वर जाण्याचा सराव करावा.

पाचवा व सहावा दिवस : ब्रेक, क्लच, रेस या क्रमाने तिसऱ्यातून दुसऱ्यात येण्याचा सराव करावा.

सातवा दिवस : हँडब्रेक वापरून चढावर गाडी उचलावी.

आठव्या दिवसापासून : हौद्यात मातीने भरलेली पोती ठेवून, अर्ध्या ओझ्यावर हाच सराव पुन्हा करावा.

सराव नीट झाला की नाही, हे पाहण्यासाठी एक सोपी चाचणी आहे. हौद्यात केबिनजवळ एक बादली घट्ट बांधावी व ती तीन चतुर्थांश भरावी. सपाट रस्त्यावर पहिल्यापासून चौथ्यापर्यंत जाऊन पुन्हा खाली यावे. बादलीतील पाणी बाहेर सांडले नाही, तर हात व पाय मालाच्या गाडीसाठी तयार झाले असे समजावे.

परवान्याबाबत

सार्वजनिक रस्त्यावर शिकताना शिकाऊ परवाना, शेजारी परवानाधारक शिक्षक आणि गाडीवर 'एल' अक्षराची पाटी आवश्यक आहे. पिकअप हे मालवाहू वाहन असल्याने मोटार वाहन कायदा १९८८ नुसार रस्त्यावर ते चालविण्यास वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात. ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. मुलांच्या हाती गाडी देताना वय, परवाना आणि विमा या तिन्ही गोष्टी तपासाव्यात. अपघात झाल्यास विम्याची भरपाई यांवरच अवलंबून असते.

शेतकरी बंधूंनो, चांगला चालक म्हणजे वेगाने पोहोचणारा, अशी आपल्याकडे समजूत आहे. मालाच्या गाडीला मात्र बाजारात क्रेट उघडल्यावर दिसणारे फळ हीच खरी परीक्षा आहे. वरचा गिअर टाकताना क्षणभर थांबणे, खालचा गिअर टाकताना रेस जुळविणे आणि घाटाच्या तोंडाशीच योग्य गिअर टाकणे या तीन सवयी घरातील प्रत्येक चालकाने लावून घ्याव्यात. यासाठी एक पैसाही जास्त खर्च होत नाही. माल शाबूत पोहोचतो, क्लच प्लेट टिकते आणि घाट उतरून गाडी व माणसे सुखरूप घरी येतात.